‘थंय गेल्यावर बघूया’ याला उत्तर

देवगडपासून वेंगुर्ल्यापर्यंत कुठेही परदेशी नोकरीचा विषय निघाला, की एक वाक्य ठरलेलं: “व्हिसा लागलो मां, मग आता कित्याक घाबरतस? बाकीचा थंय गेल्यावर बघूया.” या बोलण्यामागे अनुभव आहे. आपल्या किनाऱ्यावर आजोबा गिरणीत, वडील बोटीवर आणि मुलगा आखातात अशी कितीतरी घरं आहेत. बाहेरच्या पैशावरच ती उभी राहिली. गावातले चौघे व्हिजिट व्हिसावर गेले, टिकले, त्यांनी चिऱ्याची घरं बांधली, मग पाचव्याने का कचरावं, असा हा युक्तिवाद. पण टिकलेले गणपतीला येऊन बोलतात. फसून परतलेला, डोक्यावर कर्ज असलेला मुलगा घराबाहेर पडत नाही. गाव एकाच बाजूची साक्ष ऐकतं आणि त्यावर पुढच्या पोराला धाडतं.

आता मूळ मुद्दा. व्हिजिट व्हिसा त्या देशात पाऊल टाकण्याची परवानगी देतो, काम करण्याची देत नाही. संयुक्त अरब अमिरातीत मालकाने रीतसर अर्ज केला तर तिथे असतानाच वर्क परमिट निघू शकतं, हे खरं. एजंट याच अर्ध्या सत्यावर धंदा करतात. उरलेलं अर्धं ते सांगत नाहीत. परमिट हातात येईपर्यंत केलेलं काम बेकायदा असतं. त्या कामाचा पगार मालकाने बुडवला, तर परमिट नसलेला माणूस तक्रार करायला जातानाच घाबरतो. ‘आझाद व्हिसा’ तर त्याहून वाईट. कागदावर एक मालक आणि काम दुसरीकडे, म्हणजे पकडला गेलेला कामगार दोन्हीकडचा नाही. त्यात आझाद काहीही नसतं.

दुसरा गैरसमज खास आपला आहे आणि मला तो सर्वांत धोक्याचा वाटतो. “आमच्या झिलाक क्लिअरन्स लागना नाय, तो धावी पास आसा.” भारताच्या 1983 च्या उत्प्रवास कायद्यानुसार दहावी न झालेल्या कामगाराला आखाती देशांसह 18 देशांत नोकरीसाठी जाण्यापूर्वी उत्प्रवास संरक्षकाची मंजुरी घ्यावी लागते. त्या वेळी करार, पगार, मालक यांची छाननी होते. शिवाय प्रवासी भारतीय विमा योजनेत अपघाती मृत्यू वा कायमच्या अपंगत्वासाठी 10 लाखांचं संरक्षण मिळतं, तेही दोन वर्षांसाठी 275 रुपयांत. दहावी पास मुलाला ही मंजुरी लागत नाही. दहावीच्या निकालात कोकण मंडळ वर्षानुवर्षे राज्यात पहिलं येतं. म्हणजे आपली बहुतेक मुलं या छाननीतून सुटतात, आणि त्यांचा करार सरकारी माणूस पाहतच नाही. ज्याला आपण सवलत म्हणतो, ती घरच्यांवर पडलेली जबाबदारी आहे. जे काम संरक्षकाने केलं असतं, ते आता बापाने, मोठ्या भावाने, शिकलेल्या बहिणीने करायला हवं.

मंजुरी लागत नाही म्हणून एजंटलाही मोकळीक मिळते, असं मात्र मुळीच नाही. नोंदणी प्रमाणपत्राशिवाय परदेशी नोकरीसाठी भरती करणं हा गुन्हा आहे, मग उमेदवार सातवी शिकलेला असो की इंजिनीयर. कामगाराकडून जास्तीत जास्त 30 हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी घेता येतो. दीड-दोन लाख मागणारा आणि पावती न देणारा माणूस ‘पोचलेला’ नसतो, तो कायदा मोडत असतो. मोठ्या नोंदणीकृत एजंटला 50 लाखांची बँक हमी ठेवावी लागते. कामगार अडकला तर त्याला परत आणण्याचा खर्च त्यातून वसूल होऊ शकतो. नाक्यावरच्या ओळखीच्या माणसाकडे अशी कसलीच हमी नाही. त्याचं नाव सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर आहे का, हे मोबाइलवर पाहता येतं. सोन्याची साखळी गहाण टाकण्याआधी एवढं पाहणं जड आहे का?

“पासपोर्ट कंपनीच ठेवता, तसाच असता,” हेही आपण निमूट मान्य केलं आहे. 1967 च्या पासपोर्ट कायद्यानुसार पासपोर्ट ही भारत सरकारची मालमत्ता आहे. मालकाला तो अडवून ठेवण्याचा अधिकार नाही.

बायकामुलांना नेण्याबद्दलही असंच गृहीत धरलं जातं, की नोकरी लागली म्हणजे कुटुंबाचा व्हिसा आपोआप येतो. अमिरातीत त्यासाठी महिना 4 हजार दिरहम, किंवा राहण्याची सोय असल्यास 3 हजार दिरहम पगार दाखवावा लागतो. पत्नीचं तिथलं राहणं नवऱ्याच्या नोकरीला बांधलेलं असतं. नोकरी गेली की मुदतीत दुसरी सोय करा किंवा परता. पत्नीला नोकरी करायची तर वेगळं वर्क परमिट लागतं. आणि खरं अडतं ते इथे, गावात. लग्न देवळात लागलं, जेवणावळ झाली, नोंदणी राहिली. महाराष्ट्रात 1998 च्या कायद्याने विवाह नोंदणी बंधनकारक आहे आणि गावात ती ग्रामपंचायतीत होते. त्या दाखल्यावर राज्य सरकार, परराष्ट्र मंत्रालय आणि त्या देशाची वकिलात अशा तिघांची साक्षांकनं लागतात. दाखल्यावर एक नाव, आधारवर दुसरं आणि पासपोर्टवर माहेरचं, असं झालं की हे सारं थांबतं. नवरा तिकडे खोली भाड्याने घेऊन बसलेला आणि बायको इकडे तालुक्याला खेटे घालते आहे, हे दुःख टाळता येण्यासारखं आहे.

यावर सर्वांत जोरकस आक्षेप असा: “कायद्यान जाऊक बसलास तर म्हातारो होतलस.” तो मी झटकत नाही. संरक्षकाचं कार्यालय मुंबईत. मालवणच्या माणसाला तिथे जायचं म्हणजे रात्रभराचा प्रवास. बेकायदा भरतीसाठी दोन वर्षांपर्यंत कैद आहे, पण दंडाची कमाल मर्यादा अजूनही 2 हजार रुपये. लाखांनी लुबाडणाऱ्याला या रकमेची भीती कशी वाटेल? हा राग योग्य आहे. पण तो सरकारवर काढायला हवा, त्यासाठी पोराला बेकायदा वाटेने पाठवणं हे उत्तर नव्हे. कायदा दूर असेल तर तो जवळ आणण्याची मागणी करावी. ओरोसच्या जिल्हाधिकारी कार्यालयात परदेशी नोकरीच्या कागदांसाठी एक खिडकी आणि नोंदणीकृत एजंटांची यादी प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर, एवढं मागायला आपल्या आमदार-खासदारांकडे जाता येतं.

तोवर येत्या ग्रामसभेत हा विषय काढा. तुमच्या वाडीतला जो मुलगा निघायच्या तयारीत आहे, त्याचा करार आणि एजंटचा नोंदणी क्रमांक पैसे देण्यापूर्वी वाचा, आणि क्रमांक नसेल तर पैसे देऊ नका.