मुळाचे राखणदार

‘मुळाशी प्रतारणा’ हा आरोप अनुवादक म्हणून मला नवा नाही. २०११च्या ‘थॉर’मध्ये कृष्णवर्णीय इद्रिस एल्बा हाइमडाल झाला, तेव्हा हाच आरोप झाला. नॉर्स पुराणांत हाइमडाल शुभ्र आहे, हे खरे. पण मार्व्हलच्या कॉमिक्समध्ये १९८६ साली थॉर चक्क बेडूक झाला होता! तिथे पुराण आड आले नाही.

२०१६च्या ‘डॉक्टर स्ट्रेंज’मध्ये तिबेटी गुरूच्या जागी टिल्डा स्विंटन आली. काठमांडू आले, तिबेटी माणूस गेला. आशियाई-अमेरिकनांनी आवाज उठवला; मुळाचे हे राखणदार मला त्यांत दिसले नाहीत.

‘मग ब्लॅक पँथर गोरा चालेल का?’ हा सवाल हमखास येतो. नाही चालणार. संहितेतल्या प्रत्येक शब्दाचे वजन सारखे नसते. हाइमडालचे काम पूल राखण्याचे. मार्व्हलच्या कथेचे त्याच्या गोरेपणावाचून काही अडत नाही. वाकांडाचा राजा मात्र कधीच गुलाम न झालेल्या आफ्रिकेचे स्वप्न आहे. त्याचा रंग काढला, तर कथाच उरत नाही.

काय बदलता येते आणि काय नाही, हे कळायला मूळ वाचावे लागते. नुसती कातडी पाहून ते कळत नाही.