खेळांच्या मेळ्यात मराठी विभाग

मराठी विभागाची सहल म्हटली की चाकूरहून वाट ठरलेली : अंबाजोगाई. मुकुंदराजांची समाधी, दासोपंतांची पासोडी, दुपारी डबे आणि संध्याकाळी परत. अलीकडे मात्र आम्ही चौघे अध्यापक एक दिवस मुंबईच्या कॉमिक कॉनमध्ये, म्हणजे चित्रकथा आणि संगणकीय खेळांच्या मेळ्यात, घालवून आलो. त्याची नोंद ‘शैक्षणिक’ या रकान्यात करावी की ‘मनोरंजन’ या, यावर विभागात बराच खल झाला. माझ्या मते रकाना पहिलाच.

‘यात साहित्य कुठे आहे?’ असे विचारणाऱ्यांचा दोष नाही. ज्या जिल्ह्याने ‘लातूर पॅटर्न’ घडवला, तिथे खेळ हा गुणांचा वैरी ठरणारच. पण साहित्याच्या अध्यापकाने हे वैर उसने का घ्यावे? एकनाथांनी फुगडी, हमामा, हुतूतू यांवर रचना केल्या. तुकोबांच्या गाथेतही खेळांचे अभंग आहेत. ते आपण शिकवतो कसे? ‘फुगडी म्हणजे जीवशिवाचे ऐक्य’ एवढे वाक्य उतरवून घ्यायला सांगतो आणि पुढे सरकतो. फुगडीत एकीने हात सोडला की दोघीही पडतात, हे अंगाला ठाऊक असलेले ज्ञान त्या रूपकाच्या मुळाशी आहे. तिथे खेळाचा नियमच अर्थ सांगतो. आपली समीक्षा मात्र नियमाला गाळून अर्थ शोधते.

मोक्षपटाचे उदाहरण याहून बोलके आहे. परंपरा तो ज्ञानेश्वरांच्या नावावर सांगते. कर्तृत्वाचा वाद अभ्यासकांवर सोडू. पटावरील घरांना गुणांची आणि दोषांची नावे, शिडीने चढायचे, सापाने घसरायचे. म्हणजे तो वाचायचाही मजकूरच होता. फक्त पुढचे घर कोणते, हे दान ठरवत असे. वाचनाचा क्रम लेखकाच्या हाती न ठेवणाऱ्या अशा संहितेला आज आपण मोठ्या कौतुकाने ‘प्रयोगशील’ म्हणतो.

मेळ्यात हे सारे आठवत होते. 2011 मध्ये दिल्लीत सुरू झालेली कॉमिक कॉन 2024 च्या आरंभी नॉडविन गेमिंग या कंपनीने विकत घेतली. चित्रकथेच्या जत्रेची मालकी खेळवाल्यांकडे गेली, यातून कथनाचा ओघ कुठे चालला आहे ते दिसते. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने 2020 मध्ये आणलेला ‘राजी’ हा खेळ पाहावा. पळवून नेलेल्या भावाला, गोलूला, शोधणारी खेळकरी मुलगी ही त्याची नायिका. तिच्या प्रवासावर दुर्गा आणि विष्णू आपसांत बोलत भाष्य करतात. ही सूत्रधाराचीच योजना. कीर्तन-तमाशा पाहिलेल्याला ती ओळखीची वाटेल. पण पुण्यात घडलेल्या या खेळातले देव आरंभी इंग्रजीत बोलले. 2022 च्या सुधारित आवृत्तीत ते हिंदी बोलू लागले. मराठी अजून नाही.

बाजार लहान आहे, असे उत्तर मिळते. ते अर्धेच खरे. मराठीत असे संवाद लिहिणारा माणूस तयार करण्याची जबाबदारी कोणाची? उपयोजित मराठीत आपण जाहिरात, बातमी, पटकथा शिकवतो. खेळाच्या संवादाची मागणी वेगळी असते. एकाच प्रसंगी खेळणाऱ्यापुढे तीन उत्तरे ठेवायची, तिन्ही त्या पात्राच्या तोंडी शोभायला हवीत आणि प्रत्येकाने गोष्टीला वेगळे वळण मिळायला हवे. ‘कुठं गेला व्हता रं?’ आणि ‘कुठे होतास?’ यांतून बहीण-भावातले अंतर बदलते. हे आमच्या विद्यार्थ्यांना पुण्या-मुंबईच्या कोणाहीपेक्षा चांगले कळते, कारण घरात एक आणि वर्गात दुसरी अशा दोन मराठी ते रोज वापरतात.

पैसे लावून खेळण्याचे, व्यसनाचे आक्षेप मला ठाऊक आहेत. पैशांच्या ऑनलाइन खेळांवर 2025 च्या केंद्रीय कायद्याने बंदी आलीच आहे आणि ते योग्य झाले. तो आक्षेप कथात्म खेळांना लागू पडत नाही. या सत्रात प्रात्यक्षिक म्हणून एकनाथांची फुगडी घ्यावी, असा प्रस्ताव मी अभ्यास मंडळातील मित्रांकडे दिला आहे : आधी अंगणात फुगडी खेळायची, मग रचना वाचायची, आणि शेवटी तिच्यावरून तीन वळणांचा एक संवाद लिहायचा.