लेन्स विकण्याआधी पिक्सेल मोजा

फुल फ्रेम कॅमेऱ्याकडे वळणाऱ्याला दुकानात आणि फोटोग्राफरांच्या कट्ट्यावर एकच सल्ला मिळतो: क्रॉप सेन्सरच्या जुन्या लेन्सेस आधी काढून टाका, या बॉडीवर त्यांचा उपयोग नाही. तो इतक्या ठामपणे दिला जातो की बॉडीसाठी कसेबसे पैसे जमवलेला माणूस लेन्सेसच्या हप्त्यांतही अडकतो. मला हा सल्ला कालबाह्य वाटतो. हाताशी असलेली चांगली क्रॉप लेन्स फुल फ्रेमवर लावण्यात काही गैर नाही. कुठल्या कामाला आणि किती काळ लावायची, हे बॉडीचे मेगापिक्सेल ठरवतात. ते गणित न करता लेन्स मोडीत काढणं म्हणजे स्वतःचं नुकसान करून घेणं आहे.

दिवसा खोलीत अंधार करून एकच खिडकी उघडी ठेवा, लेन्स तिच्याकडे रोखा आणि मागे चारेक सेंटिमीटरवर पांढरा कागद धरा. कागदावर खिडकी उलटी उमटते, तीही गोल चकतीत. लेन्स कुठलीही असो, चित्र गोलच पडतं. सेन्सर त्यातला चौकोन तेवढा उचलतो. फुल फ्रेम सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटरचा, म्हणजे त्याचा कर्ण सुमारे ४३ मिलिमीटर. निकॉन किंवा सोनीच्या क्रॉप सेन्सरचा कर्ण जेमतेम २८. त्याच्यापुरती बनवलेली लेन्स लहान चकती टाकते, म्हणून मोठ्या सेन्सरचे कोपरे काळे राहतात. यात बिघाड कसलाच नाही, आणि कॅमेऱ्याकडे त्यावर साधा उपाय आहे: सेन्सरचा मधला तुकडा तेवढा वापरायचा. निकॉनच्या झेड मालिकेतल्या बॉडीवर डीएक्स, म्हणजे निकॉनची क्रॉप लेन्स बसताच हे आपोआप होतं.

कळीचा प्रश्न एवढाच की मधल्या तुकड्यात उरतं काय? दीडपट क्रॉप म्हणजे क्षेत्रफळ सव्वादोन पटींनी कमी. २००७ साली निकॉनचा पहिला फुल फ्रेम डिजिटल कॅमेरा, डी३, आला तेव्हा तो होता १२ मेगापिक्सेलचा. डीएक्स लेन्स लावली की हाती ५ उरायचे. शिवाय व्ह्यूफाइंडरमध्ये चित्र मधल्या लहान चौकटीत आक्रसलेलं दिसायचं. त्या काळी ‘लेन्स बदला’ म्हणणारे बरोबर होते. सल्ला तोच राहिला, आकडे मात्र बदलले. ४५ मेगापिक्सेलच्या झेड ७ मध्ये डीएक्स क्रॉप केल्यावर ५४०८ बाय ३६०० पिक्सेल, म्हणजे १९ मेगापिक्सेलहून जास्त उरतात आणि मिररलेस असल्यामुळे ते चित्र व्ह्यूफाइंडरभर दिसतं. आपल्याकडच्या लग्नाच्या अल्बमचं माप घ्या. १२ बाय ३६ इंचांच्या शीटवर एका पानाला १२ बाय १८ इंच येतात. तिथे ही फाइल इंचाला ३०० पिक्सेल देते. छपाईवाल्याला याहून जास्त लागत नाही. २४ मेगापिक्सेलच्या बॉडीवर दहाच उरतात आणि त्याच पानावर इंचाला २१८ पडतात. हेही चालण्यासारखं आहे, पण वधूवरांचा एकच फोटो पूर्ण शीटभर पसरवायचा म्हटलं तर आकडा १०९ वर येतो आणि केसांचे, जरीचे तपशील विरघळतात. अशा बॉडीवर क्रॉप लेन्स ही तात्पुरतीच सोय समजावी.

यावर हमखास येणारा आक्षेप असा: मग फुल फ्रेम घेतला कशाला? आक्षेप रास्त आहे. मोठ्या सेन्सरचा फायदा त्याच्या पूर्ण क्षेत्रफळात असतो आणि क्रॉप करताच तो जातो. एक्स्पोजर बदलत नाही, पण एकूण प्रकाश सव्वादोन पटींनी घटतो, म्हणजे नॉईजच्या बाबतीत एका स्टॉपहून थोडं जास्त नुकसान. पार्श्वभूमीही कमी धूसर होते: एफ/२.८ ची क्रॉप लेन्स त्या बाबतीत फुल फ्रेमवरच्या साधारण एफ/४ सारखी वागते. हे सगळं मान्य. पण यातून क्रॉप लेन्स निकामी ठरते असं नव्हे, तर त्या चौकटीपुरता तुमचा कॅमेरा एक चांगला क्रॉप कॅमेरा होतो, एवढंच सिद्ध होतं. हळदीच्या सकाळी उन्हात, सगळा गोतावळा स्पष्ट हवा असताना, त्याने काय बिघडतं? रात्रीच्या रिसेप्शनला बिघडतं, आणि म्हणूनच पहिली खरेदी तिथली असावी. ५० मिमी एफ/१.८ ही लेन्स बहुतेक कंपन्यांकडे फुल फ्रेमसाठी मिळते आणि ती त्यांच्या स्वस्त लेन्सेसपैकी असते.

उलट टोकाचा एक गैरसमजही दूर करायला हवा. क्रॉप मोडमुळे भिगवणचा फ्लेमिंगो जवळ येतो, असं मानणारे बरेच आहेत. तो जवळ येत नाही, भोवतालचं पाणी तेवढं कापलं जातं. पक्ष्यावर पडणारे पिक्सेल तेवढेच राहतात. तेव्हा फुल फ्रेमसाठी मुद्दाम नवी क्रॉप लेन्स विकत घ्यायला मी सांगणार नाही. माझं म्हणणं घरात आहे त्या लेन्सबद्दल आहे.

कॅननवाल्यांनी मात्र सांभाळावं. ईएफ-एस, म्हणजे कॅननच्या क्रॉप लेन्सचा मागचा भाग आत शिरतो, त्यामुळे फुल फ्रेम डीएसएलआरवर ती बसतच नाही. जबरदस्ती करू नये. मिररलेस आर मालिकेच्या बॉडीवर अडॅप्टर लावून ती नीट चालते, पण कॅननचा क्रॉप १.६ पट असल्यामुळे ४५ मेगापिक्सेलचे १७ आणि २० चे ८ हून कमी उरतात.

सर्वांत शेवटी बदलावी ती अल्ट्रावाइड. फुल फ्रेमची अशी लेन्स महाग आणि जड असते, तर क्रॉपच्या काही अल्ट्रावाइड लेन्सेस लांबच्या टोकाला जवळजवळ पूर्ण चौकट भरतात. टोकिनाची ११-१६ मिमी लेन्स १६ वर नेऊन, क्रॉप बंद करता येणाऱ्या बॉडीवर एकदा लावून बघा. काळे कोपरे जवळपास नाहीसे होतात, आणि वाड्याचा चौक चारही बाजूंनी मावतो.