गणवेशाचा रंग एक असू द्या, कापड मात्र मुलाला सोसेल ते



शाळा सुरू होऊन आठवडा-पंधरवडा झाला की काही ठरावीक तक्रारी कानावर येऊ लागतात. "तो शर्टाची कॉलर सारखी चावतो." "ती बूट-मोजे काढूनच बसते." "मधली सुट्टी झाली की हा शर्ट काढून टाकतो, कितीही सांगा." पालकांचीही एक तक्रार असते. गणवेश घालायचा म्हटलं की रोज सकाळी अर्धा तास रडारड.

यातली काही मुलं ऑटिझम, म्हणजे ज्याला आपण मराठीत स्वमग्नता म्हणतो, ती अवस्था असलेली असतात. त्यांच्या या वागण्याला आपल्याकडे तीन नावं आहेत: हट्ट, लाड आणि बेशिस्त. माझं म्हणणं असं की अनेकदा यातलं काहीच नसतं. कपडा खरोखर सोसवत नसतो. आणि तो सोसवेल असा करणं आपल्या हातात आहे. त्यासाठी ना मोठा खर्च लागतो, ना कुणा वरिष्ठाच्या परवानगीची वाट पाहावी लागते. शाळेने मात्र एक गोष्ट मान्य करायला हवी. गणवेश एक असणं म्हणजे रंग आणि ओळख एक असणं. कापडाचा पोत, शिवण आणि बटणंही एकच हवीत, हा हट्ट आपला आहे, मुलाचा नाही.

टोचणं म्हणजे नेमकं काय?

सकाळी घातलेला कपडा अंगावर आहे, हे आपण पाच-दहा मिनिटांत विसरतो. स्पर्श चालूच असतो, पण मेंदू तो मागे टाकतो. ऑटिझम असलेल्या बऱ्याच मुलांच्या बाबतीत हे मागे टाकणं नीट होत नाही. मानेजवळचं लेबल सकाळी सातला जितकं टोचतं तितकंच बाराला टोचतं. अशा वेळी त्या मुलाने फळ्याकडे बघावं, पाढे म्हणावेत, शेजाऱ्याशी भांडू नये, अशी आपली अपेक्षा असते!

ही काही कुणाची कल्पना नाही. २०१३ साली अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने निदानाची जी नवी नियमावली काढली, तिच्यात ऑटिझमच्या लक्षणांमध्ये संवेदनांना जास्त किंवा कमी प्रतिसाद देणं हे लक्षण स्पष्टपणे घातलं गेलं. टेंपल ग्रँडिन या अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ स्वतः ऑटिस्टिक आहेत. लहानपणी चर्चला जाताना घालाव्या लागणाऱ्या खरखरीत कपड्यांनी आपल्याला किती त्रास व्हायचा, हे त्यांनी लिहून ठेवलं आहे. मोठेपणीसुद्धा नव्या प्रकारच्या अंतर्वस्त्रांची सवय व्हायला त्यांना तीन-चार दिवस लागत. बोलता-लिहिता येणाऱ्या विदुषीची ही गोष्ट. आपल्या वर्गातल्या ज्या मुलाला 'टोचतंय' हा शब्दच सापडत नाही, त्याने काय करावं? तो शर्ट काढतो. तेच त्याचं सांगणं असतं.

याची उलट बाजूही असते. काही मुलांना स्पर्श कमी जाणवतो. चड्डी ओली झाली, स्वेटर उलटा झाला, बुटात खडा गेला, तरी त्यांच्या लक्षात येत नाही. काहींना घट्ट कपडाच बरा वाटतो. म्हणून 'ऑटिझम म्हणजे सैल कपडे' असं समीकरण मांडू नका. मूल बघा, मग कपडा ठरवा.

गणवेशात काय काय खुपतं?

आपला नेहमीचा गणवेश एकदा उलटा करून हातात घ्या आणि आतून बोट फिरवा. मानेवरचं लेबल, कॉलरमधलं कडक बक्रम, खांद्याजवळची ओव्हरलॉकची जाड शिवण, खिशावरच्या शाळेच्या नावाच्या मागचे नायलॉन दोऱ्यांचे टोक, कमरेचा लोखंडी हूक, पट्टा, टाय, गळ्यात लोंबणारं ओळखपत्र. मोज्याच्या बोटांवर आडवी जाणारी शिवण तर बाहेरून दिसतही नाही. त्यात कापड टेरिकॉटचं असेल तर घाम शोषला जात नाही. पावसाळ्यात अर्धवट वाळलेला शर्ट, थंडीत लोकरीचा स्वेटर आणि स्नेहसंमेलनात टिकल्या-जरीचा पोशाख. वर्षभर काही ना काही चालूच असतं.

दुसरा मुद्दा घालण्या-काढण्याचा. ऑटिझम असलेल्या अनेक मुलांना काज-बटण, हूक, चेन, बुटाची नाडी या बारीक कामांना वेळ लागतो. शाळेच्या स्वच्छतागृहात पॅंटचा हूक वेळेत निघाला नाही की कपडे खराब होतात, मग मुलं हसतात, आणि दुसऱ्या दिवशी ते मूल शाळेतच यायला तयार नसतं. हूक निघाला नाही म्हणून शाळा बुडते, हे गैरहजेरीच्या रकान्यात कुठेच लिहिलं जात नाही.

नवीन काही नाही, आजीचं झबलंच आहे

परदेशात अशा कपड्यांना 'अ‍ॅडॅप्टिव्ह क्लोदिंग' म्हणतात. मुलाच्या गरजेप्रमाणे बदललेले कपडे, एवढाच त्याचा अर्थ. २०१६ मध्ये टॉमी हिलफिगरने दिव्यांग मुलांसाठी असे कपडे आणले. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या टार्गेट या दुकानसाखळीने लेबल नसलेले, सपाट शिवणीचे कपडे विकायला सुरुवात केली. ब्रिटनमध्ये मार्क्स अँड स्पेन्सरने तर सोप्या बांधणीचे शालेय गणवेशही आणले.

हे वाचून वाटेल की ही श्रीमंतांची गोष्ट आहे. पण आपल्याकडे बाळाला पहिलं झबलं कशाचं शिवतात? आजीच्या जुन्या, धुऊन धुऊन मऊ झालेल्या सुती लुगड्याचं. त्याला बटण नसतं, बंद असतो. बाळाच्या कातडीला नवं कापड सोसत नाही, हे आपल्या घरातल्या बायकांना कुणी शिकवावं लागलं नाही. मूल सहा वर्षांचं झालं, शाळेत आलं, की हे शहाणपण आपण दाराबाहेर ठेवतो, एवढंच.

घरच्या मशीनवर होणारे बदल

पालकांसाठी आणि गल्लीतल्या शिंपीदादांना सांगण्यासाठी काही साध्या गोष्टी देते:

१. लेबल कात्रीने कापू नका. उरलेलं टोक जास्त टोचतं. शिवण उसवून ते मुळापासून काढा.

२. नवा गणवेश पहिल्या दिवशी घालायचा तर आधी चार-पाच वेळा धुवा, म्हणजे खळ निघून जाईल. मोठ्या भावंडाचा वापरलेला गणवेश मिळत असेल तर नव्यापेक्षा तो बरा.

३. खिशावरच्या भरतकामाच्या मागे आणि कॉलरच्या आत जुन्या सुती कापडाची पट्टी शिवून घ्या. कॉलरमधलं बक्रम काढून टाकता येतं. बाहेरून काहीच कळत नाही.

४. आतून मऊ सुती बनियन घाला, तीही उलटी, म्हणजे शिवण बाहेर राहील. मोजे उलटे घातले तरी चालतात.

५. पॅंटचा किंवा स्कर्टचा हूक काढून नेफ्यात रुंद, सैल इलॅस्टिक घाला. बारीक इलॅस्टिक कमरेला कापतं.

६. वरची बटणं तशीच दिसू द्या, पण आत टिचबटण किंवा वेल्क्रो लावा. वेल्क्रो आधी थोडा वापरून बघा. काही मुलांना त्याचा 'चर्र' आवाज सहन होत नाही आणि त्याची खरखरीत बाजू टोचते.

७. कॉलर चावणाऱ्या मुलाच्या गळ्याशी लांब नाडी, मणी किंवा सैल बटण ठेवू नका. गळ्याला फास बसण्याची किंवा घशात अडकण्याची भीती असते.

८. सोसणारा कपडा सापडला की त्याच कापडाचे दोन-तीन शिवून ठेवा, एक पुढच्या मापाचा. आवडता शर्ट लहान झाला तो दिवस घरात फार अवघड जातो.

सहावी-सातवीपर्यंत शाळा असेल तर मोठ्या होणाऱ्या मुलींचाही विचार करा. मासिक पाळीतला पॅड आणि अंतर्वस्त्रं हासुद्धा स्पर्शाचाच प्रश्न आहे. आईने पाळी येण्याआधीच घरी थोडा थोडा सराव करून घेतला तर ऐन वेळी घाबरगुंडी उडत नाही.

शिक्षकांनी एक काम करावं. दोन आठवडे वहीत टिपून ठेवा: मूल कधी अस्वस्थ झालं, अंगात काय होतं, ऊन होतं की पाऊस. ज्या वारी साधे कपडे चालतात त्या वारी मूल शांत बसतं का? एवढ्या नोंदीवरून बरंच कळतं. पालकांशी बोलताना 'तुमचा मुलगा त्रास देतो' यापेक्षा 'सोमवारी त्याला हे टोचत होतं का?' असं विचारता येतं.

आमच्या शाळेतल्या दुसरीच्या एका मुलाच्या आईने शर्टाचं लेबल उसवलं, आतून जुन्या ओढणीची पट्टी लावली आणि पॅंटला इलॅस्टिक घातलं. खर्च इलॅस्टिकचा. मुलाचा ऑटिझम तसाच आहे, तो अजूनही गोंगाट झाला की कान झाकतो. पण शर्ट काढणं थांबलं आणि तो शेवटच्या तासापर्यंत वर्गात बसू लागला. शिकवायला मूल वर्गात तर हवं ना?

"नियम म्हणजे नियम" असं म्हणणाऱ्यांना

पहिला आक्षेप: "एकाला सूट दिली की सगळे मागतील." चष्मा लागलेल्या मुलाला आपण पुढच्या बाकावर बसवतो. सगळी मुलं चष्मा मागतात का? मुलांना कारण सांगितलं की ती आपल्यापेक्षा लवकर समजून घेतात.

दुसरा: "गणवेश समानतेसाठी असतो." अगदी बरोबर. गरीब-श्रीमंत भेद कपड्यांवरून दिसू नये म्हणून गणवेश आला. पण एक मूल दिवसभर आरामात आणि दुसरं दिवसभर टोचणी सोसत बसलेलं, याला समानता कसं म्हणायचं?

तिसरा आक्षेप जरा वजनदार आहे: "सवय लावली नाही तर पुढे कसं होणार?" मुलाला बटण लावता आलं पाहिजे, वेगवेगळे कपडे हळूहळू सोसता आले पाहिजेत, हे मलाही मान्य आहे. पण तो सराव घरी, निवांत वेळी, पाच मिनिटांचा असावा. सकाळी रिक्षा दाराशी उभी असताना किंवा गणिताच्या तासाला नव्हे. एका वेळी मुलाकडून एकच कठीण गोष्ट मागावी, हे आपण शिकवताना पाळतोच की.

कायदा आणि शाळा व्यवस्थापन समिती

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये एकवीस प्रकारच्या दिव्यांगत्वांची यादी आहे आणि तिच्यात ऑटिझम आहे. १९९५ च्या जुन्या कायद्यात तो नव्हता. नव्या कायद्याचं कलम १६ सरकारी अनुदानित किंवा मान्यताप्राप्त शिक्षणसंस्थांनी मुलाच्या गरजेनुसार वाजवी सोयी द्याव्यात असं सांगतं. वाजवी सोय म्हणजे संस्थेवर अवास्तव भार न टाकता केलेला आवश्यक बदल. लेबल उसवलेला शर्ट कोणत्या शाळेवर भार टाकतो, सांगा बरं!

समग्र शिक्षा योजनेत दोन गणवेशांसाठी वर्षाला ६०० रुपये धरलेले असतात. २०२४-२५ मध्ये राज्यभर एकसारखं कापड पुरवण्याचा प्रयोग झाला आणि पुढच्या वर्षासाठी गणवेशाचे अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समितीकडे आले. म्हणजे कापड आणि शिलाई ठरवताना बोलायची जागा आपल्या गावातच आहे. समितीच्या बैठकीत असा साधा ठराव घेता येईल:

"ज्या विद्यार्थ्यास कापड, शिवण, बटण, बूट-मोजे, टाय, पट्टा यांचा त्रास होतो, त्यास गणवेशाचा रंग कायम ठेवून कापड व बांधणीत बदल करण्यास शाळेची कायम परवानगी राहील. त्यासाठी पालकांचे लेखी किंवा तोंडी सांगणे पुरेसे मानावे."

शेवटचं वाक्य मुद्दाम घातलं आहे. आपल्याकडे निदान आणि प्रमाणपत्र मिळेपर्यंत कित्येक महिने जातात, आणि अनेक पालक त्या वाटेवर अजून निघालेलेच नसतात. सोय देण्याआधी कागद मागू नका. मऊ शर्टाचा कुणी गैरफायदा घेऊन घेऊन काय घेणार?

एक सावधगिरीही सांगते. कपड्यांनी ऑटिझम 'बरा' होत नाही. तसा दावा करून कुणी वजनदार जॅकेट किंवा महागडा पोशाख विकत असेल तर थांबा. त्याच्या फायद्याचे पुरावे भक्कम नाहीत. आधी व्यावसायोपचार तज्ज्ञाला किंवा गटसाधन केंद्रातल्या समावेशित शिक्षणाच्या तज्ज्ञांना विचारा. आणि मूल अचानक एखादा कपडा नाकारू लागलं तर पुरळ, जखम, खरूज नाही ना, हेही बघा.

पुढच्या वर्षीच्या गणवेशाचं माप घ्यायला शिंपी शाळेत येईल, त्याच्या आधी ही बैठक घ्या. कापडाचा तुकडा मागवा आणि तो मुलांच्या हातात द्या, गालाला लावून बघू द्या. आपण रंग बघतो, भाव बघतो. ज्याला तो कपडा दिवसभर अंगावर वागवायचा आहे त्यालाही एकदा विचारू या.