बांधीखालची नळी आणि हातातले 21 दिवस

भंडारा जिल्ह्यातल्या शेतकरी आणि घरमालक बंधू-भगिनींनो,

गॅसच्या पाइपलाइनसाठी निघालेल्या राजपत्रात तुमच्या गावाचं नाव आणि तुमचा गट नंबर आला असेल, तर बाकीची कामं बाजूला ठेवा आणि आधी सातबारा काढा. राजपत्राच्या प्रती लोकांना उपलब्ध झाल्या त्या तारखेपासून हरकत घ्यायला 21 दिवस मिळतात. रोवणीच्या घाईत 21 दिवस कसे निघून जातात, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

मुंबई-नागपूर-झारसुगुडा ही गेलची नैसर्गिक वायूची पाइपलाइन सुमारे 1700 किलोमीटरची. तिचा नागपूरपुढचा मार्ग भंडारा-गोंदियातून छत्तीसगडात जातो. अशा कामात जमीन तुमच्याच नावावर राहते, म्हणून माणूस निर्धास्त होतो. ‘नळी खालून जाणार, आपण वरून धान लावू, जातं काय?’ पण 1962 चा पाइपलाइन कायदा जमीन न घेता तिचा वापर हक्क घेतो, आणि तो काही एकदोन हंगामांपुरता नसतो. त्या पट्ट्यात पूर्वीसारखं पीक घेता येतं. मात्र घर बांधता येत नाही, विहीर खोदता येत नाही, तलाव किंवा बंधारा करता येत नाही, झाड लावता येत नाही. तलावांचा जिल्हा म्हणवणाऱ्या आपल्या भागात शेतात बोडी खोदायची नाही आणि धुऱ्यावर आंबा लावायचा नाही, याचा अर्थ काय होतो ते शेतकऱ्यालाच कळेल.

याचा मोबदला किती? राजपत्रातल्या अधिसूचनेच्या दिवशी जमिनीचा जो बाजारभाव असेल त्याच्या 10 टक्के, तोही एकदाच. समजा, पट्टा 20 मीटर रुंद आहे आणि तुमच्या शेतातून 200 मीटर गेला आहे. म्हणजे 40 आर, जवळपास एक एकर. भाव एकरी 10 लाख धरला, तर हाती येतात 1 लाख. तुमची नातवंडं त्या जागी विहीर खोदू शकणार नाहीत, त्याचे हे 1 लाख. म्हणून खरी लढाई बाजारभावाच्या आकड्यावर आहे. या कायद्याखाली नेमलेल्या सक्षम प्राधिकाऱ्याने ठरवलेला आकडा मान्य नसेल, तर तो जिल्हा न्यायाधीशांकडून ठरवून घेण्याचा हक्क कायद्यानेच दिला आहे. शेजारच्या गटांची अलीकडची खरेदीखतं आतापासून जमवून ठेवा.

पिकाची, झाडांची, तुटलेल्या धुऱ्यांची आणि बुडालेल्या उत्पन्नाची भरपाई या 10 टक्क्यांहून वेगळी असते. धानाच्या बांधीत वर्षानुवर्षं चिखलणी करून खाली एक घट्ट थर तयार झालेला असतो, त्याच्याच जोरावर बांधीत पाणी उभं राहतं. चर खणताना तो थर फुटला की पुढच्या रोवणीला पाणी झिरपून जाणार. पंचनाम्यात ‘पीक नुकसान’ एवढंच लिहून घेऊन येऊ नका. बांधीचे, धुऱ्याचे, पाटाचे फोटो काम सुरू होण्याआधी काढा आणि काम संपल्यावर पुन्हा काढा. ठेक्याने किंवा बटईने जमीन करणाऱ्यांनीही मागे राहू नये. ज्याच्या वहिवाटीला बाधा येते त्यालाही मोबदल्याचा हक्क आहे, नाव सातबाऱ्यावर नसलं तरी.

आता घरांबद्दल. इथे कायदा तुमच्या बाजूने आहे, आणि नेमकं हेच लोकांना कोणी सांगत नाही. अधिसूचनेआधी राहण्यासाठी वापरात असलेली जागा, पक्कं बांधकाम असलेली जागा आणि घराला लागून असलेली जागा यांच्याखालून नळी टाकता येत नाही. इतर ठिकाणीही ती जमिनीखाली एक मीटरपेक्षा कमी खोलीवर नको. पण घर आधीपासून होतं, हे दाखवायचं कशाने? शेतातल्या कितीतरी घरांची कागदावर नोंदच नसते. ग्रामपंचायतीच्या नमुना 8 मधला उतारा, घरटॅक्सच्या पावत्या, विजेचं बिल, जे असेल ते आज बाहेर काढा. अधिसूचनेनंतर उभं केलेलं बांधकाम मोबदल्यात धरलं जात नाही, म्हणून आता घाईने खोली बांधण्यात पैसा घालू नका.

हरकत लेखीच द्या, कारणांसह द्या आणि पोच घ्या. सक्षम प्राधिकाऱ्याला तुमचं म्हणणं ऐकून घ्यावंच लागतं, तिथे स्वतः जा किंवा वकील पाठवा. वारसांचा फेरफार राहिला असेल तर तो आधी करून घ्या. मेलेल्या आजोबांच्या नावाने निघालेला मोबदला भावंडांना आयुष्यभर भांडायला पुरतो. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिला आणि अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तींना उत्पन्न कितीही असलं तरी तिथे मोफत मदत मिळते.

आणि एकदाच्या मोबदल्याऐवजी दरवर्षी भाडं? आजच्या कायद्यात ते नाही, त्यामुळे प्राधिकाऱ्याशी त्यावरून वाद घालण्यात अर्थ नाही. पण भाडं मागणं ही काही आकाशातली गोष्ट नव्हे. अमेरिकेत जमिनीच्या पोटातल्या रिकाम्या थरांत गॅस साठवतात आणि तिथल्या कित्येक करारांत वरच्या जमीनमालकाला दरवर्षी भाडं मिळतं. इतकं लांब कशाला, आपल्याच राज्यात मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत हेक्टरी सव्वा लाख रुपये वार्षिक भाडं आहे, त्यात दरवर्षी 3 टक्के वाढ. पॅनलखाली धान होत नाही आणि नळीवर होतं, हे मान्य, म्हणून तेवढाच दर मागा असं मी म्हणणार नाही. पण शेतावरून उच्चदाबाची पारेषण तार गेली तर तारेखालच्या पट्ट्यासाठी जमिनीच्या किमतीच्या 30 टक्के द्यावेत, असं केंद्राच्या जून 2024 च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. वरच्या तारेला 30 आणि खालच्या नळीला 10, हा हिशेब संसदेत मांडायला लावणं आपल्या हातात आहे.

त्यासाठी पुढच्या ग्रामसभेत ठराव घ्या: मोबदल्याची टक्केवारी वाढवा किंवा वार्षिक भाड्याची तरतूद करा. ठरावाची प्रत खासदारांना आणि जिल्हाधिकाऱ्यांना पाठवा. पण ठराव पंधरा दिवस पुढे गेला तरी चालेल, हरकत मात्र पुढे गेलेली चालणार नाही. उद्या सकाळी तलाठ्याकडे जाऊन यादीत आपला गट आहे का ते पाहा, आणि ज्यांना वाचता येत नाही त्या शेजाऱ्यांचाही पाहून या.