तिकडचं इकडे नको!

इंटरव्ह्यूचा दुसरा राउंड रंगात आलेला असतो. समोरचा माणूस खुर्ची जरा मागे सरकवतो आणि सहज विचारल्यासारखं विचारतो, "तुमच्याकडे क्लायंटला ताशी रेट काय लावतात हो?" नोकरी हवीच आहे, उत्तरही माहीत आहे. शिवाय आपल्याला आतलं किती ठाऊक आहे हे दाखवायची खुमखुमी असतेच. इथेच जीभ घसरते.

जॉइन होताना सही केलेला एनडीए किती जणांनी वाचलेला असतो? (मीही नव्हता वाचला.) नोकरी सोडली की तो संपला, असा आपला समज. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २७ मुळे 'सोडल्यावर प्रतिस्पर्ध्याकडे जायचं नाही' ही अट कोर्टात सहसा टिकत नाही, हे खरं. पण गुपितं सांभाळायची अट वेगळी. ती राजीनाम्यानंतरही आपल्यासोबत येते.

कायदा सोडा, समोरच्याच्या मनात काय चालतं बघा. २००६ साली अमेरिकेत कोका-कोलाच्या एका सेक्रेटरीने आणि तिच्या साथीदारांनी कंपनीची गुपितं पेप्सीला विकायचा घाट घातला. पेप्सीने काय केलं? आलेलं पत्र थेट कोका-कोलाच्या हाती दिलं! एफबीआयने सापळा लावला आणि बाईंना आठ वर्षांची शिक्षा झाली. इंटरव्ह्यूत कुणी पोलीस बोलावणार नाही. पण 'आज त्यांचं सांगतोय, उद्या आमचंही सांगेल' एवढं मनात येणारच.

मग अनुभव सांगायचा कसा? बिनधास्त सांगा, फक्त तुमचं काय आणि कंपनीचं काय हे ओळखून. "एका रिटेल क्लायंटचं बिलिंग दर महिनाअखेरीला अडकायचं, मी चूक अशी शोधली," यात तुमचं डोकं दिसतं. क्लायंटचं नाव, रेट, बाजारात न आलेल्या ॲपचे स्क्रीनशॉट यांची गरजच नाही. डिझायनर मंडळींनो, पोर्टफोलिओ आजच तपासा. आणि शेवटच्या आठवड्यात ऑफिसच्या फाइल्स स्वतःच्या जीमेलवर पाठवून ठेवायची सवय असेल, तर ती आधी मोडा.

थेट विचारलंच तर हसून म्हणायचं, "सर, ते आकडे सांगता येणार नाहीत, पण काम कसं केलं ते सांगते." माफी मागायचं कारण नाही. बहुतेक जण इथे पुढच्या प्रश्नाकडे वळतात. तरीही कुणी खोदतच राहिलं, तर त्यांना तुम्ही हव्या आहात की तुमच्याकडची माहिती, हा प्रश्न पडायला हवा. अशा वेळी आपणही विचारावं, "या पोस्टवर आधी कोण होतं, आणि ते का गेले?"