हॅकेथॉन संपल्यानंतर

चंद्रपूर-गडचिरोलीच्या विद्यार्थिवर्गालाही 'हॅकेथॉन' हा शब्द आता अपरिचित राहिलेला नाही. दिलेल्या प्रश्नावर ठरावीक तासांत संगणकप्रणाली रचून दाखवायची, अशी ही स्पर्धा. केंद्र सरकारने २०१७ मध्ये सुरू केलेल्या 'स्मार्ट इंडिया हॅकेथॉन'मध्ये सॉफ्टवेअरची अंतिम फेरी सलग ३६ तासांची असते. तरुणांच्या बुद्धीला येथे आव्हान मिळते, हे मान्य केलेच पाहिजे. तथापि बक्षीस-समारंभाचा मांडव उतरल्यावर त्या प्रणालीचे पुढे काय होते, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

वास्तविक या क्षेत्रात जे टिकले, त्यातील फार मोठा भाग चढाओढीतून नव्हे, तर सहकार्यातून उभा राहिला आहे. १९९१ मध्ये लिनस टॉरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने 'लिनक्स'चा कोड खुला केला आणि देशोदेशीच्या हजारो हातांनी तो वाढविला. या कामाचा हिशेब राखण्यासाठी त्यानेच २००५ मध्ये 'गिट' हे साधन रचले. २००८ मध्ये सुरू झालेले 'गिटहब' पुढे अशा कोडची जागतिक वखारच बनले. एकाने कोड ठेवावा, दुसऱ्याने चूक दाखवावी, तिसऱ्याने दुरुस्ती सुचवावी आणि राखणदाराने ती पारखून स्वीकारावी, अशी ही रीत. कोणी, केव्हा, कोणता बदल केला याची नोंद कायम राहते. २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टने ही वखार ७५० कोटी डॉलरना घेण्याचा व्यवहार केला. पण वखारीचा धनी बदलल्याने खुल्या परवान्याखालील मालावरचा सर्वांचा हक्क बुडाला नाही.

ही व्यवस्था या जिल्ह्यांना परकी वाटण्याचे कारण नाही. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचा अधिकारही ग्रामसभेच्या हाती आला. अभ्यासगटात विषय समजून घ्यावा आणि निर्णय सर्वसहमतीने करावा, ही तेथील पद्धत आहे. सामाईक मालमत्ता हमखास उजाड होते हा समज खोटा ठरविणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले, तेही २००९ मध्येच. वापरणाऱ्यांनीच नियम करावेत आणि पाळले जातात की नाही हेही त्यांनीच पाहावे, हे त्यांच्या प्रतिपादनाचे सार होय. जंगल आणि कोड यांत एक भेद मात्र आहे. बांबू तोडल्याने कमी होतो, कोड वापरल्याने कमी होत नाही. परंतु निगा न राखल्यास दोन्ही निकामी होतात, आणि हॅकेथॉनमध्ये निगा राखण्याला गुण नाहीत.

यावर आक्षेप येईल की, जेथे पर्लकोटेच्या पुराने भामरागडचा संपर्क तुटल्याच्या बातम्या वर्षानुवर्षे वाचाव्या लागल्या, तेथे ही चर्चा म्हणजे चैन आहे. आक्षेप रास्त आहे, पण पुरता खरा नाही. गिटची रचनाच अशी आहे की, साऱ्या बदलांचा इतिहास स्वतःच्या संगणकावर राहतो. काम जोडणीविना चालते आणि जोडणी मिळताच इतरांच्या कामाशी जुळविता येते. अडचण जाळ्याची आहेच. त्याहून मोठी अडचण उद्दिष्टाची आहे.

करण्याजोगी कामे तर दाराशीच आहेत. गडचिरोलीत हजाराहून अधिक गावांना सामूहिक वनहक्क मिळाले आहेत. फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, मोजलेले तेंदूचे पुडे, मजुरी, बांबूची विक्री आणि जंगलाचे नकाशे यांच्या नोंदी ग्रामसभेला स्वतः ठेवता आल्या, तर ठेकेदाराच्या वहीवर विसंबावे लागणार नाही. २०११ च्या जनगणनेत गोंडी मातृभाषा सांगणारे सुमारे २९ लाख होते. मसराम गोंडी लिपीला २०१७ मध्ये आणि गुंजाळा गोंडी लिपीला २०१८ मध्ये युनिकोडमध्ये स्थान मिळाले. म्हणजे पाया घातला गेला, घर बांधणे उरले. कळफलक, शब्दकोश, शुद्धलेखन-तपासणी ही कामे नफ्याचे गणित पाहणारी बाजारपेठ आपण होऊन करील, अशी आशा बाळगणे व्यर्थ आहे.

२०११ मध्ये या दोन जिल्ह्यांसाठीच स्थापन झालेले गोंडवाना विद्यापीठ आणि चंद्रपूरचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय यांनी येथे पुढाकार घ्यावा. ग्रामसभेने नेमून दिलेल्या प्रश्नावर विद्यार्थ्याने वर्षभर केलेले काम, दुसऱ्याच्या कोडमधील दुरुस्ती आणि सोप्या मराठीत किंवा गोंडीत लिहिलेली वापरपुस्तिका यांना परीक्षेत गुण मिळावेत. कोड खुला राहावा. गावाची माहिती मात्र गावाच्या संमतीवाचून बाहेर जाऊ नये. अशा कामाची सार्वजनिक नोंद नोकरी शोधणाऱ्या विद्यार्थ्यालाही उपयोगी पडेल. केंद्र सरकारने २०१५ मध्येच मुक्त सॉफ्टवेअर वापरण्याचे धोरण जाहीर केले आहे. त्याचा आधार घेता येईल.

हॅकेथॉन बंद करा, असे कोणी म्हणणार नाही. परंतु त्याचे यश बक्षिसांच्या संख्येवर मोजू नये. तेथे जन्मलेली किती साधने दोन वर्षांनंतर एखाद्या ग्रामसभेच्या वापरात आहेत आणि त्यांची निगा कोण राखीत आहे, हे पाहूनच ते मोजले पाहिजे.